चोवीस टक्के म्हणजे नेमके किती?

अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. तरी डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट कोणाला, याच्या जनमत चाचण्या २०२५ पासूनच सुरू आहेत. गॅव्हिन न्यूसम, कमला हॅरिस, पीट बुटिजेज, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ ही नावं आलटूनपालटून वरखाली होतात. नागपुरात ज्या घरातलं कोणी न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला आहे, त्या घराच्या ग्रुपवर असा एखादा तक्ता येऊन पडतो आणि त्याखाली लगेच कोणीतरी "हाच येतो बघा" म्हणून निकाल लावून मोकळं होतं. इतक्या लवकरचा आकडा काय मोजतो, काय मोजत नाही आणि कुठे फसवतो, हे या पोस्टमध्ये जरा खोलात जाऊन लिहितो आहे. त्या पक्षाच्या मतदाराच्या वैतागाबद्दलही लिहायचं आहे. तो वैताग खरा आहे, पण लोक तो तक्त्याच्या भलत्याच रकान्यात शोधतात.

तिकीट कसं मिळतं हे नागपूरकराला शिकवायला नको. इच्छुकांच्या मुलाखती होतात, निरीक्षक येऊन जातात, यादी मुंबईला नाहीतर दिल्लीला जाते. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याचा एबी फॉर्म पोचला तो उमेदवार, बाकीचे नाराज किंवा बंडखोर. अमेरिकेत हा एबी फॉर्म मतदारांच्या हातात असतो असं समजा. फक्त तो एका दिवशी दिला जात नाही. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेक राज्य मत देतं (या पक्षांतर्गत मतदानाला प्रायमरी म्हणतात), त्या मतांवरून डेलिगेट, म्हणजे राज्याचे प्रतिनिधी, ठरतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात हे डेलिगेट उमेदवारावर शिक्का मारतात. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे बांधील, म्हणजे मतदारांच्या कौलाने ठरलेले, डेलिगेट ३,९७९ होते, म्हणजे जिंकायला १,९९१ हवे होते.

हे सगळं फार जुनं नाही. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्या संतापातून पक्षाला नियम बदलावे लागले. १९७२ पासून खरी सत्ता प्रायमरीच्या मतदाराकडे आली. आपल्या शेजारीही हा प्रयोग एकदा झाला आहे. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतल्या, त्यात वर्धा होतं. मतदार मात्र पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले लोकप्रतिनिधी, सामान्य मतदार नव्हेत. सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना मागे टाकून तिकीट मिळवलं आणि मुख्य निवडणुकीत रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. प्रायमरी घेतली म्हणजे कार्यकर्ता समाधानी होतो या समजुतीला वर्धेपुरतं तरी तिथेच उत्तर मिळालं.

आता मूळ मुद्दा. निवडणुकीला दोन वर्षं असताना केलेली प्रायमरीची चाचणी मुख्यतः ओळख मोजते. आपल्याकडे ज्याचे फ्लेक्स व्हेरायटी चौकापासून सक्करदऱ्यापर्यंत लागलेत त्याचं नाव पानटपरीवर पहिलं निघतं, तसंच आहे हे. उपराष्ट्राध्यक्ष राहिलेला माणूस, मागच्या वेळी लढलेला माणूस, टीव्हीवर रोज भांडणारा गव्हर्नर, यांना फोनवर नाव ऐकलेला मतदार "हो, हा चालेल" म्हणतो. बाकी दहा नावं त्याने ऐकलेलीच नसतात.

जुने आकडे काढून पाहिले की हे दिसतं. २००३ च्या सुरुवातीला जो लिबरमन पुढे, वर्षअखेरीला हॉवर्ड डीन पुढे, आणि जानेवारी २००४ मध्ये आयोवा जिंकलं जॉन केरी यांनी, जे काही आठवडे आधी देशभरच्या चाचण्यांत एक आकडी होते. २००७ मध्ये रिपब्लिकन पक्षात जवळपास वर्षभर रुडी ज्युलियानी पुढे होते. त्यांनी एकही राज्य जिंकलं नाही आणि फ्लोरिडात तिसरे येऊन घरी गेले. त्याच काळात हिलरी क्लिंटन देशभरात ओबामांच्या दुपटीहून पुढे होत्या. ३ जानेवारी २००८ ला आयोवात ओबामा ३८, एडवर्ड्स ३०, क्लिंटन २९. २०११ मध्ये तर रिक पेरी, हर्मन केन, न्यूट गिंग्रिच असे एकामागून एक "आघाडीवर" येऊन गेले आणि उमेदवार झाले मिट रॉम्नी.

याचा अर्थ सुरुवातीची आघाडी नेहमीच खोटी ठरते असा घेऊ नका. २००० मध्ये अल गोर, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि २०२४ मध्ये ट्रम्प सुरुवातीपासून पुढे होते आणि तिकीट त्यांनाच मिळालं. २०१५ मध्ये ट्रम्प जुलैत वर गेले ते जवळपास वरच राहिले. फरक कुठे आहे? ज्याला सगळे ओळखतात आणि तरी जो पन्नाशीच्या आसपास किंवा वर आहे, त्याची आघाडी टिकाऊ. ज्याला सगळे ओळखतात आणि तरी जो पंचविशीत अडकला आहे, त्याच्याबद्दल मतदाराने "नको" असं सभ्य भाषेत सांगितलेलं असतं. आणि ज्याला निम्मे लोकही ओळखत नाहीत पण जो आठ टक्क्यांवर आहे, त्याच्याकडे नीट बघा. म्हणून पसंतीच्या टक्केवारीशेजारी "या व्यक्तीबद्दल ऐकलेलं नाही" हा रकाना ठेवूनच वाचायचं. तो ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रात कधीच नसतो, मूळ पीडीएफमध्ये असतो.

गणिताकडे जरा सावकाश जाऊ, कारण चूक इथेच होते.

समजा एका चाचणीत १,००० लोकांना विचारलं. बातमीत येतं, "त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के", म्हणजे खरा आकडा साधारण तेवढा वरखाली असू शकतो. पण डेमोक्रॅटिक प्रायमरीचा प्रश्न त्या हजारांपैकी फक्त त्या पक्षाच्या मतदारांना विचारलेला असतो. ते निघाले ४००. चारशेची मर्यादा ३ नसते, ४.९ असते. त्यातही हे चारशे जसेच्या तसे घेत नाहीत. तरुण कमी आले, पदवीधर जास्त आले, म्हणून प्रत्येकाला वजन देतात. या वजनांमुळे चारशेचं बळ प्रत्यक्षात २६०-२७० जणांइतकं उरू शकतं, आणि मर्यादा ६ वर जाते.

आता पहिला २४ आणि दुसरा २० टक्के. चारची आघाडी. ६ची मर्यादा एका उमेदवाराच्या आकड्याची, तीही पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर. दोघांमधल्या फरकाची मर्यादा वेगळी काढावी लागते, कारण एकाचे मत गेले की दुसऱ्याचे वाढू शकते. या आकड्यांवर, वजनाचा परिणाम सोडून, ती साधारण ६.५ येते आणि वजन धरून ८ च्या आसपास. म्हणजे खरी स्थिती पहिला बाराने पुढे, इथपासून दुसरा चाराने पुढे, इथपर्यंत काहीही असू शकते. पुढच्या आठवड्यात तेच दोघे २१-२३ झाले तर "मोठी उलथापालथ" अशी बातमी येईल. उलथापालथ झालीच असेल असं नाही. दुसरे चारशे लोक फोनवर आले, इतकंच असू शकतं.

त्याहून वाईट म्हणजे त्या चारशेतले तरुण, कृष्णवर्णीय, ग्रामीण असे तुकडे पाडणं. नागपूर शहरात विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत. चारशे जणांचा सर्व्हे सहात वाटला तर दक्षिण-पश्चिमच्या वाट्याला ६७ लोक येतात. ६७ जणांवर मर्यादा १२ टक्के. एवढ्यावर कोणी "दक्षिण-पश्चिममध्ये वारं फिरलं" म्हटलं तर बर्डीवर त्याला कोणी चहा पाजणार नाही. अमेरिकेतले टीव्हीवाले मात्र हे रोज करतात.

हे झालं नशिबाच्या चुकीबद्दल. ही चूक मोजता येते, म्हणून तिच्याबद्दल बोलतात. ज्या मोजता येत नाहीत त्या जास्त नडतात.

पहिली, नेमकं विचारायचं कोणाला. प्रायमरीला फार थोडे लोक मत देतात. आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकसला (प्रायमरीऐवजी कार्यकर्त्यांनी संध्याकाळी जमून उमेदवार निवडायची सभा) २०१६ मध्ये सुमारे १ लाख ७१ हजार आले, आणि त्या राज्याची लोकसंख्या तीस लाखांच्या वर आहे. हे लोक आधी हुडकायचे कसे? मतदार यादीवरून मागच्या प्रायमरीला मत दिलेले घ्यावेत तर पहिल्यांदा येणारा तरुण सुटतो. "तुम्ही मत देणार का?" असं विचारावं तर सगळेच हो म्हणतात. मिशिगनमध्ये मार्च २०१६ ला याचाच फटका बसला. चाचण्यांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या आणि बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. तरुण आणि कोणत्याच पक्षाचे नसलेले मतदार अंदाजापेक्षा खूप जास्त उतरले होते. जानेवारी २००८ च्या न्यू हॅम्पशायरमध्येही चाचण्या ओबामांना पुढे दाखवत होत्या आणि क्लिंटन जिंकल्या. गॅलपसारखी जुनी संस्था २०१५ मध्ये प्रायमरीतली "कोण पुढे" ही मोजणीच करणार नाही म्हणाली, यावरून काय ते समजा.

दुसरी, लोक मिळतात कुठून. लँडलाइन संपल्या, अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, म्हणून बऱ्याच स्वस्त चाचण्या ऑनलाइन पॅनेलवर होतात. तिथे लोक स्वतःहून नोंदणी करतात आणि प्रश्नावली भरल्याबद्दल थोडेफार पॉइंट नाहीतर कूपन मिळवतात. घाईत टिचक्या मारणारे त्यात भरपूर. प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये अशा पॅनेलवर एक खोडसाळ प्रश्न टाकला होता: अणुपाणबुडी चालवायचा परवाना तुमच्याकडे आहे का? तिशीच्या आतल्यांपैकी १२ टक्के "हो" म्हणाले. त्यामुळे एखाद्या उमेदवाराचं "तरुणांतलं वादळ" फक्त अशाच चाचण्यांत दिसत असेल आणि टेलिफोनच्या चाचण्यांत दिसत नसेल, तर आधी पाणबुडी आठवा. कळमन्याच्या फळबाजारात पेटीचा वरचा थर बघून भाव करणाऱ्याचं जे होतं तेच इथे होतं, आणि ऑनलाइन पॅनेलमध्ये वरचा थर आपला आपण येऊन बसलेला असतो.

तिसरी, नावांची यादी. चाचणीत कोणाची नावं वाचायची हे संस्था ठरवते. मिशेल ओबामांचं नाव टाकलं, ज्यांनी लढणार नाही असं वारंवार सांगितलंय, तर बाकीच्यांचे आकडे ढासळतात. कमला हॅरिसचं नाव काढलं तर त्यांची मतं चार जणांत सांडतात. म्हणून दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी दोन्ही याद्या त्याच आहेत का ते बघा. नावांचा क्रम प्रत्येक फोनला बदलावा लागतो, नाहीतर पहिल्या नावाला फुकट फायदा होतो. सगळं नीट करूनही काय होऊ शकतं याचा नमुना आयोवात आहे. फेब्रुवारी २०२० च्या कॉकसच्या दोन दिवस आधी डेमॉइन रजिस्टर या तिथल्या वृत्तपत्राची नावाजलेली शेवटची चाचणी जाहीर होणार होती. फोन करणाऱ्या एका ऑपरेटरने स्क्रीनवरचा फॉन्ट मोठा केला होता, त्यामुळे यादीतलं बुटिजेजचं नाव दिसेनासं झालं आणि निदान एका उत्तरदात्याला ते वाचूनच दाखवलं गेलं नाही. संस्थेने अख्खी चाचणी रद्द केली. प्रामाणिकपणा म्हणायचा तो हा. सगळे असा दाखवत नाहीत.

आता देशभरच्या आकड्याचं काय करायचं? फार काही नाही. देशभर अशी प्रायमरी नसतेच. पहिल्या दोन-चार राज्यांत जे घडतं त्याने पैसा, बातम्या आणि पुढच्या राज्यांतला कल फिरतो. जो बायडेन २०२० मध्ये आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना जिंकले आणि तीन दिवसांनी सुपर ट्युसडेला, म्हणजे बरीच राज्यं एकदम मत देतात त्या मंगळवारी, चित्रच पालटलं. मायकेल ब्लूमबर्ग यांनी पहिली चार राज्यं सोडून थेट सुपर ट्युसडेवर डाव लावला, पाण्यासारखा पैसा ओतला आणि हाती आलं ते एकटं अमेरिकन समोआ, पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा प्रदेश.

त्यात टक्केवारीचे डेलिगेट होताना एक चाळणी आहे. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांखाली राहिलात तर डेलिगेट शून्य. ही अट राज्याला वेगळी आणि राज्यातल्या प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टला (आपल्या लोकसभा मतदारसंघासारखा) वेगळी लागते. समजा पहिले तिघे २४, २० आणि १६ वर आहेत, आणि उरलेले ४० टक्के सात-आठ जणांत वाटले गेलेत. मग डेलिगेट तिघांतच वाटले जातील: ४०, ३३ आणि २७ टक्के. आता तिसरा दोन टक्क्यांनी घसरून १४ वर आला, बाकी सगळं तसंच. त्याचे डेलिगेट शून्य, आणि पहिल्या दोघांना ५५ व ४५ टक्के. मतं हलली दोन टक्के, डेलिगेट हलले सत्तावीस टक्के. ज्या चाचणीची मर्यादाच सहा टक्के आहे ती चौदा आणि सोळातला फरक काय सांगणार? रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक बदलतात, आणि साधारण १५ मार्चनंतर बरीच राज्यं जिंकणाऱ्यालाच सगळे डेलिगेट देतात. तिथे २५ टक्के पाठीराखे घट्ट असतील आणि विरोधक दहा तुकड्यांत असतील तर तो २५ वाला पळून जातो.

गंमत अशी की असे कच्चे आकडे निर्णय मात्र घेतात. वादविवादाच्या मंचावर कोणाला उभं करायचं हे पक्ष चाचण्यांवरून ठरवतात. २०१९ च्या पहिल्या डिबेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची अट होती: तीन चाचण्यांत १ टक्का, किंवा ६५ हजार वेगवेगळे देणगीदार. सप्टेंबरपर्यंत ती चार चाचण्यांत २ टक्के आणि शिवाय १ लाख ३० हजार देणगीदार अशी झाली. एक आणि दोन टक्क्यांतला फरक चारशेच्या नमुन्यात चार माणसांचा. मग इच्छुक त्या चार माणसांच्या मागे धावतात. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४० हजार देणगीदारांची अट घातली तेव्हा नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणगी देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ केलं, आणि पहिल्या डिबेटच्या मंचावर ते उभे राहिले! आपल्याकडे असं केलं तर आचारसंहिता पथक दारात येईल.

आता वैताग. सध्याच्या डेमोक्रॅटिक मतदाराबद्दल सगळ्यात जास्त फिरलेला आकडा मार्च २०२५ मधला सीएनएनच्या चाचणीचा: पक्षाबद्दल चांगलं मत २९ टक्के, त्यांच्या १९९२ पासूनच्या नोंदींतला तळ. ग्रुपवर याचा अर्थ "पक्ष संपला" असा लागला. पण त्या २९ मध्ये विरोधी पक्षाचे मतदारही मोजलेले असतात, आणि ते चांगलं बोलणार नाहीतच. स्वतःच्या मतदारांत तो आकडा ६३ होता. तोही कमीच, आणि मुद्दा त्या उरलेल्यांचा आहे: हे लोक पक्षावर चिडलेत ते कोणत्या बाजूने? त्याच चाचणीत पक्षाच्या मतदारांपैकी ५७ टक्के म्हणाले की रिपब्लिकनांचा कार्यक्रम रोखायला जोर लावा, ४२ टक्के म्हणाले की त्यांच्याशी जुळवून काही कामं करून घ्या. २०१७ मध्ये जुळवून घ्या म्हणणारे ७४ टक्के होते. हा राग सोडून जाणाऱ्याचा नाही, "लढत का नाही" म्हणणाऱ्या घरच्या माणसाचा आहे. असा मतदार मुख्य निवडणुकीत त्याच पक्षाला मत देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकांत तसंच झालं, दोन्ही डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकल्या. तो राग निघतो प्रायमरीत. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी झोहरान ममदानी फेब्रुवारी २०२५ मधल्या एका चाचणीत १ टक्क्यावर होते आणि अँड्र्यू कुओमो सगळ्यांच्या पुढे. २४ जूनच्या प्रायमरीत ममदानी जिंकले, आणि पसंतिक्रमाच्या मोजणीच्या फेऱ्या धरून ५६-४४ असा शेवट झाला. फेब्रुवारीतल्या तक्त्यात हे कुठेच दिसत नव्हतं. दिसत होतं ते इतकंच की कुओमोंना सगळे ओळखतात आणि तरी ते पस्तिशीच्या आतबाहेर आहेत.

दुसऱ्या प्रकारचा वैताग व्यवस्थेवरचा. तो चाचणीत "पक्ष आवडत नाही" म्हणून नोंदला जातो, पण त्याची कारणं अगदी ठोस आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९ एप्रिल २०१६ च्या प्रायमरीला मत द्यायचं तर पक्ष बदलल्याची नोंद ९ ऑक्टोबर २०१५ च्या आत करावी लागत होती. सहा महिने आधी! ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनाही वडिलांना मत देता आलं नाही. २०१६ मध्ये ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीने मतदान केंद्रं २०१२ च्या २०० वरून ६० वर आणली आणि लोक पाच-पाच तास रांगेत उभे राहिले. आयोवात २०२० ला निकाल कळवायचं ॲप बसलं आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने विजेता जाहीरच केला नाही. यादीत नाव सापडत नाही म्हणून एप्रिलच्या उन्हात या केंद्रावरून त्या केंद्रावर हिंडणाऱ्या नागपूरकराला हे सांगायला शब्द लागणार नाहीत.

लवकर दिलेल्या मताचं दुखणं आणखी वेगळं. कॅलिफोर्नियात पोस्टाच्या मतपत्रिका मतदानाच्या २९ दिवस आधी निघतात. ३ मार्च २०२० च्या सुपर ट्युसडेआधी १ मार्चला बुटिजेज आणि २ मार्चला एमी क्लोबुशार बाहेर पडल्या. ज्यांनी आधीच त्यांना मत टाकलं होतं त्यांना ते बदलता आलं नाही. मतं मोजली गेली, उपयोग झाला नाही. म्हणून तिथे नातेवाईक असतील आणि ते नागरिक असतील (ग्रीन कार्डवर मत देता येत नाही), तर दोन गोष्टी बघायला सांगा. आपल्या राज्यात पक्ष नोंदवावा लागतो का आणि त्याची शेवटची तारीख काय. आणि मैदानात पाच-सहा जण असतील तर पोस्टाची मतपत्रिका पहिल्याच दिवशी परत पाठवू नका, आपल्या राज्याची मुदत बघून थांबा.

२०२४ चा घाव अजून ओला आहे. प्रायमरीत बायडेन सहज जिंकले, २१ जुलैला माघार घेतली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कमला हॅरिस डेलिगेटांच्या ऑनलाइन मतदानाने उमेदवार झाल्या. त्यांच्या नावावर प्रायमरीचं एकही मत नव्हतं. नियमाने सगळं बरोबर होतं. पण "आम्हाला विचारलं कधी?" हा प्रश्न २०२८ च्या प्रत्येक चाचणीत अदृश्य रकान्यासारखा बसलेला आहे, आणि हॅरिस यांचा आकडा वाचताना तो धरावाच लागतो.

वैताग नोंदवायचा अधिकृत रकाना मात्र काही राज्यांत आहे. मिशिगनमध्ये २७ फेब्रुवारी २०२४ ला गाझाच्या प्रश्नावर बायडेन यांचा निषेध म्हणून एक लाखाहून जास्त मतं "अनकमिटेड" (कोणालाच बांधील नाही) ला पडली, सुमारे १३ टक्के, आणि त्यातून दोन डेलिगेटही मिळाले. १९७६ च्या आयोवात तर जिमी कार्टर यांच्यापुढे "अनकमिटेड" च होतं. नेव्हाडात "यापैकी कोणीही नाही" असा पर्याय मतपत्रिकेवरच छापतात. फेब्रुवारी २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत निक्की हेली त्या पर्यायाकडून ३१ विरुद्ध ६३ अशा हरल्या. ट्रम्प त्या मतपत्रिकेवर नव्हते, ते दोन दिवसांनंतरच्या कॉकसमध्ये होते आणि डेलिगेट तिथेच मिळणार होते. आपला नोटा २०१३ पासूनचा. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये शहरी स्थानिक संस्थांसाठी एक पाऊल पुढे टाकलं: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. लोकसभा-विधानसभेत तसं नाही, तिथे नोटा कितीही वर गेला तरी त्याच्याखालचा निवडून येतो.

तर पुढचा तक्ता आला की मूळ पीडीएफ उघडा आणि शेवटच्या पानापासून वाचा. कोणत्या तारखांना विचारलं, प्रायमरीच्या मतदारांची संख्या किती (एकूण नमुना नको), फोनवर की पॅनेलवर, पैसे कोणी दिले. उमेदवाराच्याच माणसांनी केलेली चाचणी असेल तर ती छान दिसली म्हणूनच बाहेर आली आहे. मग "ठरलेलं नाही" चा आकडा बघा. तो पहिल्या उमेदवारापेक्षा मोठा असेल तर बातमी तीच. दुसऱ्या पसंतीचा प्रश्न विचारला असेल तर तो पहिल्या पसंतीच्या आधी वाचा, कारण मैदानातले निम्मे लोक मार्च उजाडेपर्यंत गेलेले असतात.

आणि पहिल्या रात्री जागायची गरज नाही. न्यू हॅम्पशायरची शेवटची केंद्रं तिथल्या रात्री आठला बंद होतात तेव्हा नागपुरात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आयोवाचे कॉकस संध्याकाळी सातला सुरू झाले तरी आपले साडेसहाच. कॅलिफोर्निया मार्चच्या पहिल्या मंगळवारी असेल तर तिथली केंद्रं आपल्या सकाळी साडेनऊला बंद होतील, आणि पोस्टाच्या मतपत्रिका मोजायला पुढे कित्येक आठवडे जातील. त्यामुळे दुपारच्या जेवणाला जो आकडा दिसेल तो महिनाअखेरीला तोच राहणार नाही.